नाव झाकून तपासा
जयंत नारळीकर यांच्या विज्ञानप्रसाराविषयी

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले हिवरखेड हे आमचे गाव. प्रा. जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर पोळ्याला गावी गेलो असता तेथील एका शाळेने नववी-दहावीच्या मुलांशी त्यांच्याविषयी बोलण्यास आम्हांस बोलावले. आम्ही त्यांचे चरित्र सांगितले, मानसन्मान सांगितले, आणि विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हे मत त्यांनी कधीही स्वीकारले नाही, हेही ओघात सांगून गेलो. शेवटी 'काही प्रश्न?' असे विचारताच मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली.

"सर, आम्ही तं महास्फोटच वाचला. नारळीकर सर म्हनत का तो झालाच नाही. मंग चुकलं कोन? आन ते चुकले असतीन तं मोठे काहून?"

विज्ञानात मतभेद असतातच, असे काहीतरी आम्ही बोललो. वर्ग गप्प बसला. संशोधनात वीस वर्षे घालवलेल्या माणसाने द्यावे असे ते उत्तर नव्हते, कारण मुलीने मतभेद असतात का हे विचारलेच नव्हते. मतभेद झाल्यावर निवाडा कसा करायचा, आणि ज्याच्याविरुद्ध निवाडा गेला त्याचा आदर का करायचा, असे तिचे दोन सरळ प्रश्न होते. प्रस्तुत लेख हे त्यांचे उशिरा दिलेले उत्तर आहे. नारळीकरांची स्तुती अनेकांनी केली आहे आणि ती योग्यच आहे. शिक्षकांच्या उपयोगाची मात्र त्यांची तपासणी आहे, असे आम्हांस वाटते.

चार नगरे

चरित्राचा तपशील बहुतेक वाचकांस ठाऊक असल्याने तो थोडक्यात देतो. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. शिक्षण वाराणसीत. १९५७ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रँग्लर झाले आणि फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९६४ साली हॉईल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील इतर सर्व वस्तूंच्या अस्तित्वामुळे तो येतो, ही माख यांची कल्पना त्यात गणिताच्या भाषेत आणली होती. भारतीय वृत्तपत्रांनी हा तरुण डोक्यावर घेतला. १९६५ साली पद्मभूषण मिळाले तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते.

१९७२ साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही आंतरविद्यापीठीय संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक १९९६ साली त्यांना मिळाले. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे होत.

या चरित्रातील एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. सव्विसाव्या वर्षापासून या माणसाच्या मतापुढे त्याचे नाव चालत होते. नाव मोठे झाले की मताची तपासणी ढिली पडते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. नारळीकरांच्या प्रसारकार्याचा उत्तम भाग या धोक्याची जाणीव ठेवणारा आहे. त्यातील उणिवाही याच धोक्याच्या आसपास सापडतात.

टोपणनावाने पाठवलेली कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही आपली पहिली कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केली की हे नाव मिळते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी करून दिली. कथेस पहिले पारितोषिक मिळाले.

हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो एक सुरेख प्रयोग आहे. कथा चांगली आहे म्हणून बक्षीस मिळाले की पद्मभूषण नारळीकरांची आहे म्हणून, हा प्रश्न एरवी कायमचा अनुत्तरित राहिला असता. नाव झाकताच दोन कारणांपैकी एक बाद झाले. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणती आणि पिठाची कोणती हे रुग्णापासून लपवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

पुढे 'यक्षांची देणगी' (१९७९) आणि इतर संग्रहांतून, 'प्रेषित', 'वामन परत न आला' यांसारख्या कादंबऱ्यांतून त्यांनी मराठी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला. या साहित्याचे मोजमाप करताना आपणही त्यांचे नाव झाकू या.

नाव झाकल्यावर प्रथम दिसते ते एका कल्पनेवर घट्ट उभे असलेले कथानक. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत मोबियसच्या पट्टीचा गुणधर्म आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा आणि तिच्यावर काढलेला डावा पंजा मनाने सरकवत एक फेरी पूर्ण करा. तो उजवा झालेला दिसेल. एवढी साधी भूमिती घेऊन लेखकाने डाव्या-उजव्याची अदलाबदल माणसावर आणि मूर्तीवर घडवली. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या दुसऱ्याच जगात जाऊन येतात. परतल्यावर त्यांच्यापाशी पुरावा असतो तो केवळ एका फाटक्या पानाचा, आणि त्या पानामुळेच त्यांच्या मित्राला विचार करणे भाग पडते. 'धूमकेतू' कथेत एका हौशी बंगाली आकाशनिरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा धोका निर्माण होतो. शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याला वळवतात, आणि घरात मात्र शांतीसाठी केलेल्या यज्ञाने संकट टळले असा समज राहतो. लेखक येथे घरच्या माणसांची टिंगल करीत नाही. एकच परिणाम आणि दोन दावेदार, मग श्रेय कोणाचे, हा प्रश्न तो वाचकाच्या हाती ठेवतो. वर्गात वाचण्यास याहून चांगली कथा क्वचितच मिळेल.

नाव झाकल्यावर उणिवाही दिसतात. एक जाणकार आणि एक अजाण अशी जोडी वारंवार येते. जाणकार समजावतो, दुसरा 'म्हणजे काय?' एवढे विचारण्यापुरता असतो. संवादांना माणसांच्या बोलण्याचा ओलावा कमी आणि व्याख्यानाचा सूर अधिक. स्त्रिया बहुधा घरच्या चौकटीत राहतात. माणसे महानगरातील सुशिक्षित वर्गाची आहेत. कापूस वेचणाऱ्या बाईला किंवा एसटीच्या वाहकाला या विश्वात फारसे काम नाही. विज्ञानकथेत कल्पनाच नायक असते, असे उत्तर यावर दिले जाते. ते आम्हांस अर्धेच पटते. कल्पना नायक असली तरी तिने कोणाच्या तरी आयुष्यात उलथापालथ करावी लागते, आणि ते आयुष्य खरे वाटावे लागते. गंगाधरपंतांचे पान लक्षात राहते, कारण ते हातात धरणारा माणूस खरोखर गोंधळलेला आहे.

कुंडल्यांची चाचणी

नाव झाकण्याची तीच रीत २००८ साली पुण्यात मोठ्या प्रमाणावर दिसली. २००१ साली विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय झाला तेव्हा नारळीकरांनी त्यास उघड विरोध केला होता. पण विरोधाचा लेख लिहून ते थांबले नाहीत. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी चाचणी आखली. शाळांनी हुशार म्हणून निवडलेली १०० मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुले यांच्या जन्मवेळांवरून २०० कुंडल्या तयार झाल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांपैकी ४० कुंडल्या, नावे झाकून, देण्यात आल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातील एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के भरले. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वर्गात हा प्रयोग नाण्यांनी करता येतो. २७ मुलांना प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवायला सांगा आणि छाप किती वेळा आला ते फळ्यावर लिहा. सरासरी २० च्या जवळ येईल, आणि जवळजवळ सर्व मुलांचे आकडे १४ ते २६ यांच्या दरम्यान पडतील. २८ किंवा अधिक छाप पडण्याचा योग शंभरांत जेमतेम एकदा. यावरून मुलांना दोन गोष्टी कळतात. निव्वळ नशिबाने किती यश मिळू शकते हे आधी ठरवावे लागते, आणि कोणी २५ बरोबर सांगितले म्हणून हुरळून जायचे नसते. या चाचणीत ज्योतिषांचे यश नाणेफेकीपेक्षा सरस ठरले नाही.

आपल्या परंपरेविषयी ममत्व वाटणाऱ्यांनाही नारळीकरांनी हीच कसोटी लावली. १०५४ साली वृषभ राशीत दिसलेल्या अतिनवताऱ्याची नोंद चिनी दप्तरात आहे. तशी ती भारतीय ग्रंथांत असेल का, याचा शोध त्यांनी संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांच्यासह घेतला. ठाम म्हणता येईल अशी नोंद हाती लागली नाही, आणि त्यांनी तसेच सांगितले. नोंद सापडावी अशी इच्छा असूनही सापडली नाही हे लिहिणे सोपे नसते.

आठवडी बाजार आणि विश्व

आता त्या मुलीचा पहिला प्रश्न. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांनी स्पष्ट झाले. विश्व प्रसरण पावत असेल तर पूर्वी ते दाट असले पाहिजे, यावरून महास्फोटाचा विचार पुढे आला. १९४८ साली बोंडी, गोल्ड आणि हॉईल यांनी वेगळी वाट सुचवली. विश्व पसरते आहेच, पण पसरताना पडणाऱ्या मोकळ्या जागेत नवे द्रव्य सावकाश निर्माण होत राहते. त्याचा वेग इतका मंद की एका घनमीटर जागेत हायड्रोजनचा एखादा अणू तयार होण्यास अब्जावधी वर्षे लागावीत. त्यामुळे विश्वाला आरंभ नाही आणि त्याचे एकंदर रूप सदैव सारखेच राहते. हा स्थिर स्थितीचा सिद्धांत.

खेड्यातील मुलांना आम्ही आठवडी बाजाराचे उदाहरण देतो. दुपारी बारा ते चार या वेळात बाजाराकडे गच्चीवरून पाहिले तर गर्दी सारखीच दिसते. माणसे मात्र तीच नसतात. काही निघून जातात, तितकीच नवी येतात. स्थिर स्थितीतील विश्व असे आहे. महास्फोटाचे विश्व म्हणजे सकाळी एका चौकात जमून नंतर चहूकडे पांगणारी गर्दी.

दोहोंतील खरे कोणते? जुनी छायाचित्रे पाहायची. विश्वाच्या बाबतीत ती सोय निसर्गानेच केली आहे. प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून जितके दूर पाहावे तितके जुने दिसते. दूरचे विश्व जवळच्यासारखेच दिसले तर हॉईल बरोबर, वेगळे दिसले तर चूक. सिद्धांत असा असावा, की कोणते निरीक्षण त्याला पाडू शकेल हे आधीच सांगता यावे.

१९६१ साली केंब्रिजचेच मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली. दूरचे, क्षीण स्रोत स्थिर स्थितीच्या हिशेबापेक्षा जास्त निघाले होते. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर देण्याचे काम हॉईल यांनी आपल्या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्यावर सोपवले. नारळीकरांनी ते पार पाडले. विश्वातील द्रव्य आपण मानतो तितके सारखे पसरलेले नसून फार मोठ्या अंतरांवरही त्याचे पुंजके असतील, असा त्या उत्तराचा रोख होता. दीर्घिकांचे महासमूह पुढे खरोखरच आढळले. मोजणीचा मूळ मुद्दा मात्र त्यामुळे सुटला नाही.

१९६५ साली पेंझियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले. तापलेले, दाट विश्व पसरत थंड झाले तर असे प्रारण उरले पाहिजे. स्थिर स्थितीत त्याला सहज जागा नव्हती. १९९० साली 'कोबे' उपग्रहाने त्याचा वर्णपट मोजला तेव्हा तो सुमारे २.७ केल्विन तापमानाच्या कृष्णवस्तूचा निघाला, आणि तोही विलक्षण अचूक. तरीही १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित असा आभासी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. त्यात एका महास्फोटाऐवजी द्रव्यनिर्मितीच्या अनेक लहान घटना आहेत, आणि पार्श्वप्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश. अंतराळातील लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी तो शोषून पुन्हा बाहेर टाकला, असे त्यात मानले आहे. २००३ नंतर 'डब्ल्यूमॅप' आणि पुढे 'प्लँक' या उपग्रहांनी प्रारणातील बारीक चढउतार मोजले. महास्फोटाच्या गणिताशी ते फार चांगले जुळले. आज बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात.

तेव्हा, नाव झाकून पाहिले तर या वादात पुराव्याचे पारडे नारळीकरांच्या विरुद्ध गेले, असेच म्हणावे लागेल.

येथे आमचा एक आक्षेप नोंदवला पाहिजे. महास्फोटाच्या सिद्धांतात अज्ञात द्रव्य, अज्ञात ऊर्जा आणि आरंभीचे अतिवेगवान प्रसरण अशा गोष्टी गृहीत धराव्या लागतात, हे नारळीकर लोकांसाठी लिहितानाही आवर्जून सांगत. हे सांगणे आवश्यकच होते. पाठ्यपुस्तक ज्याला वस्तुस्थिती म्हणते त्यातील गृहीतके उघडी करणे ही शास्त्रज्ञाची जबाबदारी आहे. परंतु लोखंडी सुयांनाही तितक्याच कडक प्रश्नांना तोंड द्यावे लागते. सामान्य वाचकाकडे दोन्ही बाजू तोलण्याचे साधन नसते. त्याच्यापुढे असते ते केवळ नाव. 'खुद्द नारळीकर म्हणतात' एवढ्यावर महास्फोट खोटा ठरवणारे लोक आम्हांस भेटले आहेत, आणि त्यांतील काहींना तर त्यावरून भलतेच काही सिद्ध करायचे होते. हा दोष वाचकांचा आहे हे खरे, पण नाव मोठे असलेल्या माणसाने आपले मत किती जणांना पटलेले नाही हे दर वेळी ठळकपणे सांगावे, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

न टाकलेले पोस्टकार्ड

नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागत तेव्हा ते म्हणत, की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर स्वाक्षरीसह येईल. आमच्या मते त्यांच्या सगळ्या प्रसारकार्यात ही सर्वांत दूर पोहोचणारी कल्पना होती. 'आयुका'त दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शालेय मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, पण ती पुण्याच्या मुलांना. पुढे तेथे पु. ल. देशपांडे यांच्या पत्नी सुनीताबाई यांच्या देणगीतून मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली, तीही पुण्यातच. चार नगरांच्या बाहेरील मुलांसाठी पुस्तके, दूरदर्शन आणि पोस्टकार्ड एवढेच होते. यांत पोस्टकार्डाचा विशेष असा, की त्यात पहिले वाक्य मुलाने लिहायचे असते.

१९९३ च्या सुमारास आठवीत असताना आमच्या सरांनी हे सांगितले. आम्ही कार्ड आणले आणि विश्वाच्या आधी काय होते, असा प्रश्न त्यावर लिहिला. मग शुद्धलेखन चुकले असेल, प्रश्न अडाणीपणाचा असेल, एवढ्या मोठ्या माणसाला काय वाटेल, असा विचार करत ते वहीत ठेवून दिले. ते कधीच पेटीत पडले नाही. त्या वयात आम्हांला अडवले ते नावाने. ज्या माणसाने आपले नाव झाकून कथा पाठवली, त्याचेच नाव आमच्या आड आले, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

शिक्षकांसाठी यात बोध आहे. २००५ नंतरच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार झालेल्या विज्ञान आणि गणिताच्या पुस्तकांच्या सल्लागार गटाचे अध्यक्ष नारळीकर होते. पण पुस्तक प्रश्न छापू शकते, मुलाचा प्रश्न पेटीत टाकण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. वर्गात एक खोके ठेवा. मुलांनी नाव न लिहिता प्रश्न टाकावेत. आठवड्यातून एकदा ते वाचा, आणि उत्तर देण्याआधी मुलांना विचारा, की हे उत्तर चूक आहे हे आपल्याला कशावरून कळेल?

हिवरखेडच्या त्या मुलीला आता आमचे उत्तर असे. बाई, विश्वाच्या आरंभाविषयी आजचा पुरावा नारळीकरांच्या बाजूने नाही. ते मोठे आहेत ते बरोबर होते म्हणून नव्हे. स्थिर स्थितीच्या विश्वाने आपण कशाने चूक ठरू हे आधीच सांगितले, आणि त्या विश्वाची बाजू ते बावीसाव्या वर्षापासून भर सभेत, गणित मांडून लढवत राहिले. दुसऱ्यांच्या दाव्यांना त्यांनी जी कसोटी लावली, ती त्यांच्या मताला लावण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. तो अधिकार तू मागच्या रांगेतून वापरलास. पुढच्या वेळी आम्ही काही सांगितले, तर आमचेही नाव झाकून तपास.